कागुया-हिमे: मूळ दंतकथा आधी वाचावी की थेट सिनेमा बघावा?

नदीकाठ:
जपानच्या स्टुडिओ जिब्लीचा 'द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया' हा अ‍ॅनिमेशनपट (२०१३, दिग्दर्शक इसाओ ताकाहाता) नेटफ्लिक्सवर आहे. घरी ९ वर्षांच्या मुलीबरोबर बघायचा विचार आहे. लांबी १३७ मिनिटं. हा सिनेमा जुन्या जपानी दंतकथेवर बेतलेला आहे एवढं माहीत आहे, त्यापलीकडे काही नाही. ती कथा आधी वाचली तर मजा जाईल की वाढेल? सिनेमात कथेतलं काय बदललंय? जपानी आवाज ठेवावा की इंग्रजी डब? आणखी एक. टीव्हीवर पहिली दहा मिनिटं लावून पाहिली तर चित्र पांढरंफटक दिसलं, पात्रांच्या रेघा मधूनमधून गायब होत होत्या. प्रिंट खराब आहे की टीव्हीची सेटिंग?

शाईदौत:
आधी वाचा. नाहीतर निदान मुलीला आधी सांगा. शेवट कळला तर मजा जाईल ही भीती इथे लागू नाही, कारण हा सिनेमा ज्यांच्यासाठी काढला त्या सगळ्यांना शेवट शाळेतच कळलेला असतो. 'ताकेतोरी मोनोगातारी' म्हणजे 'बांबूतोड्याची गोष्ट'. नवव्या शतकाच्या अखेरीस किंवा दहाव्याच्या सुरुवातीला लिहिली गेली, लेखक अज्ञात. जपानमध्ये मुलांना अभिजात भाषेचा धडा सुरू होतो तेव्हा हिच्याच पहिल्या ओळी पाठ करायला लागतात. सुरुवातीचे शब्द 'इमा वा मुकाशी'. आपल्याकडे 'आटपाट नगर होतं' म्हटलं की ऐकणारा जसा मांडी घालून बसतो, तसंच ते. सिनेमाही याच ओळींनी सुरू होतो.

कथा थोडक्यात अशी. बांबू तोडणाऱ्या म्हाताऱ्याला एका चमकणाऱ्या बांबूत तीन 'सुन' उंचीची, म्हणजे साधारण ९ सेंटीमीटरची मुलगी सापडते. नवरा-बायको तिला वाढवतात, ती तीन महिन्यांत उपवर होते. त्याच काळात म्हाताऱ्याला बांबूच्या पेरांत सोनं सापडत राहतं. पाच बडे सरदार मागणी घालतात. ती प्रत्येकाला एक अशक्य वस्तू आणायला सांगते. पाचही जण फसतात. मग खुद्द सम्राट मागे लागतो. शेवटी ती सांगते की मी चंद्रावरची आहे, आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला मला न्यायला येणार आहेत. सम्राट दोन हजार सैनिक उभे करतो, हजार कुंपणाच्या भिंतीवर, हजार छपरावर. काही उपयोग होत नाही.

पाच वस्तू नीट लक्षात ठेवा, सिनेमात त्या भराभर येतात. पहिल्याला बुद्धाचं दगडी भिक्षापात्र, तेही 'तेनजिकु'हून, म्हणजे आपल्या भारतातून. चार दिक्पालांनी बुद्धाला चार दगडी पात्रं दिली आणि त्याने ती दाबून एक केली, या बौद्ध कथेतलं हे पात्र. दुसऱ्याला होराई नावाच्या अमरांच्या पर्वतावरची रत्नांची फांदी: मुळं चांदीची, खोड सोन्याचं, फळं पांढऱ्या रत्नांची. तिसऱ्याला अग्नी-उंदराच्या कातड्याचं न जळणारं वस्त्र. चौथ्याला ड्रॅगनच्या गळ्यातलं पंचरंगी रत्न. पाचव्याला भिंगरी पक्ष्याच्या घरट्यातली कवडी, जिने बाळंतपण सुखरूप होतं असं मानत.

मूळ कथेत पहिला राजपुत्र तीन वर्षं दडी मारून बसतो आणि डोंगरातल्या देवळातलं काजळी धरलेलं भांडं उचलून आणतो. खऱ्या पात्राला तेज हवं, याच्यात काजव्याएवढाही उजेड नाही, म्हणून तो पकडला जातो. ताकाहातांनी हा भाग साफ बदललाय. सिनेमातला हा राजपुत्र भांडं आणतच नाही, एक रानफूल आणतो आणि गोड बोलतो. पाचांत हाच खरा धोकादायक, कारण बाकीच्यांच्या थापा वस्तूंच्या आहेत, याची थाप तिच्या मनातल्या इच्छेला हात घालते. तिला गावाकडच्या रानातच तर परत जायचंय! बांबूच्या कामट्यांचा पडदा (चिक) वर जातो तेव्हा पलीकडे कोण बसलेलं असतं, ते मुलीला आधी सांगू नका.

दुसऱ्याची फांदी जवळजवळ खरी ठरत असते, तेवढ्यात घडवणारे कारागीर मजुरी मागायला दारात उभे राहतात. तिसऱ्याचं वस्त्र आगीत टाकल्याबरोबर जळतं. चौथा वादळात सापडून परततो. पाचवा टोपलीत बसून घरट्यापर्यंत जातो, हातात काहीतरी येतं, टोपली कोसळते, कंबर मोडते. मुठीत असते पाखराची वाळलेली शीट. तो मरतो. मूळ कथेत कागुयाला त्याच्याबद्दल 'थोडं वाईट वाटलं', एवढ्यावर भागवलंय. सिनेमात मात्र हाच मृत्यू कथेचा कणा मोडतो. राजधानीतल्या वाड्याच्या मागे तिने परसात आपल्या गावाची छोटी नक्कल उभी केलेली असते, झोपडी, टेकडी, सगळं. त्या बातमीनंतर ती ते सगळं पायाखाली तुडवते. आपण मागितल्या त्याही खोट्या वस्तू आणि आपलं हे गावही खोटंच, हे तिला एकदमच कळतं. हा प्रसंग मूळ कथेत कुठेही नाही आणि माझ्या मते रूपांतरातली सर्वांत मोठी कमाई हीच आहे.

वगळलेलं काय? मूळ शेवट. कागुया जाताना सम्राटासाठी पत्र आणि अमरत्वाचं औषध ठेवते. ती नसताना अमर होऊन करायचं काय, म्हणून सम्राट दोन्ही गोष्टी सुरुगा प्रांतातल्या आकाशाच्या सर्वांत जवळच्या डोंगरावर जाळायला लावतो. तो डोंगर फुजी. कथाकार नावाची फोड करतो ती 'पुष्कळ सैनिक घेऊन चढले' अशी, आणि 'फुशी' म्हणजे अमर हा श्लेष मागे वाजत राहतो. सिनेमात पत्र नाही, औषध नाही, फुजी नाही. सम्राटाला एवढं मोठं स्थान द्यायचंच नव्हतं, हे त्याच्या एका प्रसंगावरून कळतं.

इंग्रजीत वाचायची तर डोनाल्ड कीन यांचं १९५६ चं भाषांतर बघा. एका बैठकीत होतं.

कुंचला:
प्रिंट उत्तम आहे, टीव्हीच बदलायला हवा, म्हणजे त्याची सेटिंग.

या सिनेमात पार्श्वभूमी कडेपर्यंत रंगवलेली नाही. जलरंगाचा हात मध्यावर फिरतो आणि कडेला कागद कोरा सोडलेला असतो. पात्रांची रेघ पेन्सिल-कोळशाच्या हाताची आहे, कुठे जाड, कुठे तुटलेली. टीव्ही 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' मोडवर असेल तर तो पांढरा भाग भडक करतो आणि फिकी रेघ त्यात बुडते. तुम्हाला दिसलं ते हेच. 'सिनेमा', 'मूव्ही' किंवा 'फिल्ममेकर' मोड लावा. शार्पनेस शून्यावर किंवा अगदी खाली आणा, नाहीतर प्रत्येक रेघेला पांढरी किनार येते. रंगछटा 'वॉर्म' ठेवा, कागद कागदासारखा दिसतो. खोलीत मंद दिवा असू द्या. काळ्याकुट्ट खोलीत एवढा पांढरा पडदा डोळ्यांना टोचतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मोशन स्मूदिंग बंद करा. प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते, पण मेनूत 'मोशन' शब्द शोधलात की सापडतं. कारण असं: सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, पण हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये बहुतेक वेळा एक चित्र दोन फ्रेम ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. टीव्ही मधली चित्रं स्वतः बनवून घुसवतो. संगणकी अ‍ॅनिमेशनमध्ये ते कसंबसं खपतं. इथे रेघ दर चित्रात नव्याने थरथरते, त्यामुळे टीव्हीला दोन रेघांची जोडी लागत नाही आणि चेहऱ्याभोवती पाणी हलल्यासारखं होतं.

ही रेघ पडद्यावर आणणं किती अवघड होतं ते सांगतो, म्हणजे बघताना नजर तिकडे जाईल. नेहमीच्या पद्धतीत आकाराची रेघ बंद असावी लागते, कारण संगणकाने रंग भरायचा तर रेघेला फट चालत नाही. फट असली की रंग बाहेर सांडतो. तुटक रेघ ठेवायची तर तिच्याखाली रंगाची हद्द दाखवणारी न दिसणारी दुसरी बंद रेघ काढावी लागते. म्हणजे एकाच चित्राचं काम दुप्पट. ताकाहातांनी हा प्रकार १९९९ च्या 'माय नेबर्स द यामादाज'मध्ये हाताळला होता. त्यानंतर १४ वर्षांनी आलेला हा त्यांचा पुढचा आणि शेवटचा चित्रपट. एकट्या याच कामाला आठेक वर्षं लागली. पात्रांची रेघ ओसामु तानाबे यांची, निसर्गाची चित्रं काझुओ ओगा यांची. बाराव्या शतकातल्या चित्रगुंडाळ्यांवर ताकाहातांनी १९९९ मध्ये पुस्तकही लिहिलंय. कोरी जागा सोडणं, एकाच पात्राची हालचाल गुंडाळी उलगडावी तशी सरकत नेणं, हे सगळं तिथून आलंय.

एक प्रसंग जिवाचे डोळे करून बघा. नामकरणाची मेजवानी चालू असते, पडद्याआड बसलेल्या कागुयाच्या कानावर दारू प्यायलेल्या पाहुण्यांचं बोलणं पडतं. ती उठते आणि धावत सुटते. त्या क्षणी जलरंग संपतो. फक्त कोळशाच्या ओरखड्यांसारख्या रेघा उरतात, दारं फुटतात, अंगावरचे कपड्यांचे थर एकेक करून मागे उडत जातात, चेहरा ओळखू येत नाही इतका फाटतो. आधीच्या अर्ध्या तासात रेघ किती हळुवार होती हे डोळ्यांत मुरलेलं असेल तरच हा प्रसंग अंगावर येतो. म्हणून सुरुवातीच्या गावच्या भागात फोन हातात घेऊ नका. तिथे 'काही घडत नाही' असं वाटतं, पण बाळ रांगतं कसं, बेडकामागे कसं जातं, पहिल्यांदा उभं राहताना तोल कसा सावरतं, हेच तिथे घडत असतं.

पायवाट:
शाईदौत, तुमचं पटलं नाही. मोठ्यांनी आधी वाचावं, मुलांना मात्र सांगू नये. ९ वर्षांच्या मुलीला कागुया चंद्रावरची आहे हे ठाऊक असेल तर ती पहिल्या मिनिटापासून चंद्राचीच वाट बघत बसेल, आणि गावातली पोरं, खरबुजाची चोरी, रानपक्षी पकडणं हे सगळं तिच्यासाठी मधला अडथळा होऊन बसेल.

शाईदौत:
पायवाट, हा मुद्दा बरोबर आहे. मग असं करा: बांबूत मुलगी सापडते आणि पाच जण अशक्य वस्तू शोधायला जातात, इथपर्यंतच सांगा. चंद्र सांगू नका. तेवढ्याने मधला पाच सरदारांचा भाग तिला धरून ठेवेल.

नदीकाठ:
सेटिंग बदलली, चित्र एकदम निवळलं. धन्यवाद, कुंचला. स्मूदिंग खरंच चालू होतं. एकच विचारायचं राहिलं. ट्रेलरखालच्या प्रतिक्रियांत बरेच जण लिहितात की तिला न्यायला येतात तेव्हा वाजणारं संगीत आनंदी आहे आणि तेच असह्य होतं. असं का केलंय? की पाश्चात्त्य प्रेक्षकांना तसं वाटतं?

तंबोरा:
ते आनंदीच आहे आणि मुद्दाम आहे. संगीत जो हिसाइशी यांचं. ताकाहातांच्या दिग्दर्शनाखाली त्यांनी पहिल्यांदाच इथे संगीत दिलं. चंद्रावरच्या लोकांना दुःख नाही, चिंता नाही, ओढ नाही, म्हणून त्यांचं संगीतही तसंच, नाचरं आणि निश्चिंत, ही दिग्दर्शकाची मागणी होती. प्रसंगाला साजेसं करुण संगीत घातलं असतं तर चंद्राला आपलं दुःख कळतं असा अर्थ झाला असता. त्यांना ते कळत नाही, आणि प्रसंगाची धार तीच आहे.

मिरवणुकीचं दृश्य बौद्ध 'राइगो' चित्रांवरून घेतलंय. त्या चित्रांत मरणाऱ्या माणसाला न्यायला अमिताभ बुद्ध ढगांवरून खाली येतो, बरोबर वाद्यं वाजवणारे बोधिसत्त्व असतात. आपल्या वाचकांना हे परकं वाटू नये. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात ओसरीच्या भिंतीवर ढगांतून तरंगत येणारा इंद्र आणि भोवतीचे वाद्यं घेतलेले गंधर्व-अप्सरा आहेत, त्यांच्याच घराण्यातलं हे दृश्य. राइगोचं चित्र बघणाऱ्याला मोक्षाची हमी देतं. सिनेमा तेच चित्र घेतो आणि जिला न्यायचंय तिच्या बाजूने उभा राहतो. म्हणजे दृश्य मरणाचं आहे हे जपानी प्रेक्षकाला न सांगता समजतं. तुम्ही मुलीला ते सांगायचं की नाही, ते तिचा कल बघून ठरवा.

आता गाणं. यातलं खरं रूपांतर गाण्यात आहे. मूळ कथेत कागुयाला पृथ्वीवर का पाठवलं याचं उत्तर एका वाक्यात आहे: तिच्या हातून काही अपराध घडला होता. कोणता, ते हजार वर्षं कोणी सांगितलेलं नाही. सिनेमाने ती रिकामी जागा भरली. चंद्रावर पूर्वी पृथ्वीवरून परतलेली कोणीतरी होती. आठवण पुसली गेली होती, तरी ती एक गाणं गुणगुणे आणि डोळ्यांतून पाणी येई. ते ऐकून कागुयाला पृथ्वीची ओढ लागली. हाच अपराध, आणि जिची ओढ लागली तिथेच पाठवणं ही शिक्षा.

म्हणून गाणं दोन भागांत ऐका. पहिला भाग गावातली मुलं म्हणतात, गरगर फिरणाऱ्या पाणचक्कीचं बडबडगीत, 'पाखरं, किडे, जनावरं, गवत, झाडं, फुलं' असं मोजत जाणारं. लहान कागुया ते कोणी न शिकवता म्हणते. मग ती पुढे संथ चालीत आणखी एक कडवं म्हणते, जे इतर मुलांना येत नाही, आणि रडू लागते. का, ते तिलाही कळत नाही. इथे प्रेक्षकाचं लक्ष हटलं तर शेवटचा अर्धा तास लंगडा पडतो. त्या कडव्याची शेवटची ओळ नवव्या शतकातल्या आरिवारा नो युकिहिरा या कवीची आहे: 'तू वाट बघतेस असं ऐकलं, तर आत्ता परत येईन.' जपानीत 'मात्सु' म्हणजे वाट बघणं, आणि 'मात्सु' म्हणजे पाइन वृक्षही. दोन्ही अर्थ एकाच शब्दात. सबटायटलमध्ये त्यातला एकच अर्थ उरतो, म्हणून इथे सांगितलं.

शेवटी परीवस्त्र, 'हागोरोमो'. ते अंगावर पडलं की आठवण जाते. मूळ कथेत ती 'जरा थांबा' म्हणून पत्र पुरं करते आणि मग वस्त्र चढवलं जातं. सिनेमात बोलताबोलता, वाक्याच्या मधेच ते खांद्यावर पडतं. तो कट पुन्हा मागे नेऊन बघा.

कुंचला:
आवाजाचं राहिलं. जपानीच ठेवा. त्याला तांत्रिक कारण आहे. इथे संवाद आधी ध्वनिमुद्रित करून त्यांवर चित्रं काढली आहेत, त्यामुळे म्हाताऱ्याचा दम लागणं, अडखळणं, खाकरणं रेघेत उतरलंय. तो आवाज ताकेओ चिई यांचा. ते २०१२ मध्ये गेले, सिनेमा पडद्यावर येण्याआधी. पुढे लागलेले थोडे संवाद युजी मियाके यांनी दिले. डब वाईट नाही, पण तिथे आवाज चित्रांवर नंतर चढवलाय.

जपानी आवाजाबरोबर सबटायटल निवडताना साधं 'इंग्लिश' निवडा. श्रवणदोष असलेल्यांसाठीचं असतं ते बऱ्याचदा डबच्या शब्दांवर बेतलेलं असतं आणि ऐकू येतं एक, वाचायला मिळतं दुसरं, असं होतं. एक शब्द मुलीला आधीच सांगून ठेवा: गावातली मुलं तिला 'ताकेनोको' म्हणतात, म्हणजे बांबूचा कोंब, कारण ती कोंबासारखी रात्रीत वाढते. बाप मात्र 'हिमे', राजकन्या, म्हणून हाक मारतो. सुरुवातीला दोन्हीकडून एकदम हाका येतात आणि बाळ कुणाकडे जायचं ते ठरवतं. पुढची सगळी ओढाताण त्या दोन हाकांत आहे, त्यामुळे हाका कानांनी ऐकायलाच हव्यात.

पायवाट:
मुलांबरोबर बघणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी. एका बैठकीत १३७ मिनिटं जड जातात. वर सांगितलेल्या धावण्याच्या प्रसंगानंतर ती बर्फात पडते आणि मग परत वाड्यात जागी होते, तिथे थांबवा. त्याआधी थांबवलंत तर मुलं परत येताना कंटाळा घेऊन येतात. बाळाला पाजण्याचं एक साधं दृश्य आहे, त्यात काही अडचण नाही. पाचव्याचा मृत्यू दाखवलेला नाही, बातमी येते. सम्राट मागून येऊन तिला कवेत धरतो तो प्रसंग मात्र तुम्ही शेजारी असताना बघा. तिने 'नको' म्हटलेलं त्याला ऐकूच येत नाही. ९ वर्षांची मुलगी त्यावर प्रश्न विचारेल, आणि विचारू द्यावा. चंद्राला तिने त्याच क्षणी मनातल्या मनात हाक मारलेली असते, हे पुढे उघड होतं.

भुवया उपटणं, दात काळे करणं, अनेक थरांचे कपडे, चिकाच्या पडद्याआड बसणं हे सगळं हेइआन काळातल्या (जपानचं साधारण आठवं ते बारावं शतक) उमराव घरांतलं खरं आहे, दिग्दर्शकाची कल्पना नाही. हे आधी सांगितलं की शिक्षिका सागामीचे प्रसंग मुलांना विचित्र न वाटता गमतीचे वाटतात. गावातला तिचा मित्र सुतेमारू, त्याची माणसं कोण, तेही सांगा. ती कातारी आहेत, लाकडाचे वाडगे कातणारी. एका डोंगरातलं लाकूड घेतलं की तो पुन्हा भरेपर्यंत दुसरीकडे जातात. त्यामुळे कागुया परत येते तेव्हा गाव रिकामं का, हे कळतं. सुतेमारू मूळ कथेत नाही.

कधी बघायचा म्हणाल तर पौर्णिमेच्या आसपास. कथेतली आठव्या महिन्याची पौर्णिमा आपल्या कोजागिरीशी मात्र दरवर्षी जुळत नाही. बहुतेक वेळा ती भाद्रपदात पडते. २०२४ मध्ये ती १७ सप्टेंबरला होती, कोजागिरी त्यानंतर महिन्याभराने. २०२५ मध्ये दोन्ही ६ ऑक्टोबरलाच आल्या.

नदीकाठ:
शनिवारी धावण्याच्या प्रसंगापर्यंत, रविवारी उरलेला, असं ठरवलंय. पाच वस्तूंची गोष्ट शुक्रवारी रात्री सांगेन, चंद्र वगळून. तंबोरा, ते संथ कडवं गावच्या भागात नेमकं कधी येतं?

तंबोरा:
मुलं एकत्र गाणं म्हणत असतात तेव्हा. बाकीची थांबतात, ती एकटी पुढे म्हणत राहते. चाल संथ झाली की ओळखा. तेवढ्यात पाणी प्यायला उठू नका.